दर्शनानंतर क्षणभर टेकावे : निःशब्द प्रार्थनेचा पाठ

दर्शन घेऊन, प्रदक्षिणा घालून, तीर्थप्रसाद हाती पडल्यावर घरातील वडीलधारी मंडळी सांगत असत, "देवळातून तसेच निघू नये, क्षणभर टेकावे." त्याप्रमाणे लहानथोर सर्वजण सभामंडपात किंवा पायरीवर थोडा वेळ बसत आणि मगच चपला शोधावयास उठत. बहुतेक भाविकांच्या लहानपणीच्या आठवणींत हे वाक्य असेलच. परंतु टेकावयाचे कशासाठी, हे फारसे कोणी समजावून सांगत नसे. विचारणाऱ्या मुलास "देवाजवळ बसावे" एवढेच उत्तर मिळे.

आज ही प्रथा पुष्कळ अंशी टिकून आहे. मात्र त्या बसण्याचा अर्थ निसटत चालला आहे. बसलेल्या भाविकाचा हात नकळत मोबाईलकडे जातो किंवा बाहेर उभ्या केलेल्या वाहनाकडे लक्ष जाते. या दोन मिनिटांत नेमके काय करावयाचे असते, आपल्या संतांनी व साधकांनी त्याविषयी काय जाणले आणि आपण ते कसे आचरावे, याचा विचार या पाठात केला आहे.

१. शब्द सुचत नाहीत तेव्हा

मंदिरात येणारे सर्वच भाविक एकाच मनःस्थितीत येत नाहीत. कोणी नवस फेडावयास येतो, कोणी परीक्षेच्या आदल्या दिवशी येतो, कोणी नव्या दुचाकीला हार घालण्यासाठी येतो. यांच्याजवळ देवाला सांगावयाचे शब्द तयार असतात. परंतु काही जण रुग्णालयातून तपासणीचे कागद पिशवीत घालून थेट देवळात येतात. काही जण घरातील माणूस गेल्यानंतर प्रथमच उंबरठा ओलांडतात. हात जोडले जातात, डोळे मिटले जातात, पण ओठांवर शब्द येत नाहीत. मागावे तरी काय, हेच कळेनासे होते. रोग बरा कर म्हणावे तर वैद्यांनी निदान सांगितलेले असते. माणूस परत दे म्हणावे तर ते होणार नाही, हे ठाऊक असते. असा भाविक थोडा वेळ उभा राहतो आणि "आज देवाला काही सांगताच आले नाही" अशी खंत घेऊन घरी जातो.

याच्या उलट प्रकारही नित्याचा आहे. सर्व काही सुरळीत असते, पाठ असलेले स्तोत्र ओठांवरून झरझर जाते, आणि मन मात्र गाडीच्या वेळेकडे असते. शब्द पूर्ण झाले, पण म्हणणारा तेथे नव्हताच.

या दोघांपैकी प्रार्थना कोणाची झाली? पहिल्याजवळ शब्द नव्हते, पण तो सर्वस्वी तेथे होता. दुसऱ्याजवळ शब्द होते, पण तो स्वतः गैरहजर होता. प्रार्थनेचा प्राण शब्दांत आहे की म्हणणाऱ्याच्या हजेरीत आहे, हा प्रश्न येथे उभा राहतो. ज्याचे शब्द दुःखाने हिरावून घेतले आहेत, त्याच्या दृष्टीने हा केवळ तत्त्वचर्चेचा विषय नाही. आपल्याला देवापुढे स्थान उरले आहे की नाही, असा त्याचा प्रश्न असतो.

२. शब्दाचे काम कोणते

या प्रश्नाचा खोल विचार मराठीत सातशे वर्षांपूर्वीच झालेला आहे. श्री ज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, भावार्थदीपिका अर्थात ज्ञानेश्वरी पूर्ण केली. त्यांचा 'अमृतानुभव' हा स्वतंत्र ग्रंथ दहा प्रकरणांचा आहे. त्यातील तिसऱ्या प्रकरणाचे नाव 'वाचाऋणपरिहार' असे असून सहाव्या प्रकरणाचे नाव 'शब्दखंडन' असे आहे. ज्यांनी मराठी भाषेला एवढे वैभव दिले, त्यांनीच शब्दाच्या मर्यादेवर एक संपूर्ण प्रकरण खर्ची घातले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

सहाव्या प्रकरणात महाराज प्रथम शब्दाचा गौरव करतात. शब्द ही मोठ्या उपयोगाची वस्तू आहे, कारण तो विसरलेल्याची आठवण करून देतो. आरशात जसे रूप दिसते, तसे शब्दात निराकारही कळते. परंतु त्यापुढे ते विचारतात की, जे कधी विसरलेच जात नाही, त्याची आठवण शब्दाने कशी करून द्यावी? आत्मा हा स्वतःस कधीच अपरिचित नसतो. मग त्याची ओळख करून देण्याचे काम शब्दाकडे उरत नाही.

हा विचार अवघड वाटला तरी रोजच्या व्यवहारात तो सहज पडताळून पाहता येतो. परगावी असलेल्या मुलाचे नाव घेतले की त्याचा चेहरा मनात उभा राहतो. जो समोर नाही, त्याला शब्द जवळ आणतो. पण तोच मुलगा घरी येऊन शेजारी बसला की "माझा मुलगा, माझा मुलगा" असे म्हणत राहण्याचे कारण उरत नाही. आई त्याच्याकडे नुसती पाहत राहते. त्या पाहण्यात काही कमी आहे, असे कोणी म्हणणार नाही.

शब्दाचे मुख्य काम अनुपस्थित वस्तूची आठवण देणे हे आहे. मुलाची नोकरी, मुलीचे लग्न, घराचे कर्ज, आजारी माणसाची प्रकृती या सर्व गोष्टी प्रार्थनेच्या क्षणी समोर नसतात. त्या देवापुढे मांडण्यासाठी शब्द लागतात आणि ते वापरण्यात काहीही गौण नाही. परंतु प्रार्थना करीत असताना एक गोष्ट मात्र अनुपस्थित नसते. ती म्हणजे आपण आहोत ही जाणीव. या जाणिवेपाशी थांबण्यास शब्दाची गरज नाही. निःशब्द प्रार्थना म्हणतात ती हीच.

३. खेतवाडीतील एक दुकानदार

हा विचार ग्रंथापुरताच आहे, संसारी माणसास तो साधणारा नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून मुंबईच्या गिरगाव भागातील एका प्रापंचिक सत्पुरुषाचे चरित्र येथे संक्षेपाने देत आहोत.

श्री निसर्गदत्त महाराज यांचा जन्म १७ एप्रिल १८९७ रोजी मुंबईत झाला. तो हनुमान जयंतीचा दिवस असल्याने त्यांचे नाव मारुती ठेवण्यात आले. त्यांचे आडनाव कांबळी. बालपण मालवण तालुक्यातील कांदळगाव येथे शेतीच्या कामांत गेले आणि शालेय शिक्षण बेताचेच झाले. वडिलांच्या निधनानंतर ते पोटापाण्यासाठी मुंबईस आले. पुढे त्यांनी विड्यांचे लहानसे दुकान काढले. व्यवसाय वाढून अनेक दुकाने झाली. १९२४ मध्ये विवाह झाला आणि संसार मुलाबाळांनी भरला.

एका स्नेह्याने त्यांना श्री सिद्धरामेश्वर महाराजांच्या दर्शनास नेले. सिद्धरामेश्वर महाराज (१८८८ ते १९३६) हे सोलापूर जिल्ह्यातील पाथरी येथील. इंचगिरी संप्रदायाचे श्री भाऊसाहेब महाराज उमदीकर हे त्यांचे गुरू. भाऊसाहेब महाराजांचा भर दीर्घ ध्यानावर व नामावर होता. मुंगी झाडावर एकेक पाऊल टाकीत चढते, त्यावरून या मार्गास पिपीलिका मार्ग म्हणतात. सिद्धरामेश्वर महाराजांनी विवेकाच्या बळावर थेट स्वरूपाकडे नेणारा विहंगम मार्ग, म्हणजे पक्ष्याप्रमाणे फळावर जाऊन बसण्याचा मार्ग, विशेषत्वाने सांगितला.

त्यांनी या दुकानदारास जे सांगितले ते अगदी थोडे होते. तू स्वतःस जे समजतोस ते तू नाहीस. 'मी आहे' ही जी जाणीव तुझ्या ठायी आहे, तिच्याकडे लक्ष दे आणि तिच्यापाशी राहा. शिष्याने गुरुवचनावर पूर्ण विश्वास ठेवला. दुकान चालू होते, गिऱ्हाईक येत होते, हिशेब होत होता आणि मोकळा मिळालेला प्रत्येक क्षण तो त्या जाणिवेकडे लक्ष देण्यात घालवीत होता. गुरूंचा प्रत्यक्ष सहवास फार वर्षे लाभला नाही, कारण १९३६ मध्ये सिद्धरामेश्वर महाराजांनी देह ठेवला. परंतु दिलेले सूत्र शिष्याने सोडले नाही. सुमारे तीन वर्षांत आपणास स्वरूपाचा उलगडा झाला, असे ते पुढे सांगत असत.

गुरूंच्या पश्चात १९३७ मध्ये ते घरदार सोडून यात्रेस निघाले. हिमालयाकडे जाण्याचा त्यांचा मानस होता. वाटेत एका गुरुबंधूची भेट झाली आणि अनासक्त राहून संसारातच कर्म करणे अधिक श्रेयस्कर, हे त्यांना पटले. ते मुंबईस परत आले. तोवर अनेक दुकानांपैकी एकच उरले होते. तेवढ्यावर त्यांनी प्रपंच चालविला. खेतवाडीतील आपल्या राहत्या घराच्या माळ्यावर बसून ते येणाऱ्या जिज्ञासूंशी मराठीतून संवाद करीत. मॉरिस फ्रीडमन हे मूळचे पोलंडचे अभियंते. औंध संस्थानात १९३८-३९ च्या सुमारास झालेल्या लोकराज्याच्या प्रयोगातही त्यांचा सहभाग होता. त्यांनी ध्वनिमुद्रित संवादांचे इंग्रजी भाषांतर केले आणि १९७३ मध्ये ते 'आय ॲम दॅट' या नावाने प्रसिद्ध झाले. त्यानंतर देशोदेशींचे साधक गिरगावातील त्या अरुंद गल्लीचा पत्ता शोधीत येऊ लागले.

आयुष्याच्या अखेरीस महाराजांना घशाचा कर्करोग झाला. ज्यांचे सारे कार्य संवादातून चालत असे, त्यांनाच बोलणे दिवसेंदिवस कठीण होत गेले. तरीही शक्ती होती तोवर त्यांनी येणाऱ्यास विन्मुख पाठविले नाही. ८ सप्टेंबर १९८१ रोजी त्यांचे देहावसान झाले. शब्द ज्या कंठातून निघतात तो कंठही देहाबरोबर जाणारा आहे. म्हणून शब्दाच्या मागे जे आहे त्याची ओळख शब्द चालू असतानाच करून घ्यावी, हा बोध त्यांच्या अखेरच्या काळाकडे पाहून मनात ठसतो.

४. 'मी आहे' आणि 'मी अमुक आहे'

येथे एक शंका येते. संतांनी 'मीपण' सोडावयास सांगितले आहे. मग 'मी आहे' याकडे लक्ष देणे म्हणजे अहंकार वाढविणेच नव्हे काय?

या शंकेचे उत्तर एका शब्दाच्या फरकात आहे. 'मी अमुक आहे' हा अहंकार होय. मी अधिकारी आहे, मी या घराण्यातला आहे, मी सर्वांपेक्षा दुःखी आहे, या सर्व वाक्यांत 'मी' पुढे काहीतरी जोडलेले असते. हे जोडलेले सदैव बदलत असते. बालपणी एक होते, तरुणपणी दुसरे झाले, निवृत्तीनंतर तिसरे होईल. परंतु 'आहे' एवढे भान मात्र या सर्व बदलांत तसेच राहते. झोपेतून जाग येताच, आपले नाव, गाव आणि आजची कामे आठवण्यापूर्वी, क्षणभर नुसते असणे जाणवते. त्या क्षणी माणूस श्रीमंत नसतो, गरीब नसतो, सुखी नसतो, दुःखी नसतो. तो फक्त असतो. निःशब्द प्रार्थनेत या नुसत्या असण्याकडे लक्ष द्यावयाचे असते.

दुसरी गोष्ट अशी की, ही जाणीव नेहमी वर्तमान क्षणातच सापडते. काल झालेले आठवावयाचे तर शब्द आणि चित्रे लागतात. उद्याची काळजी करावयाची तरी शब्द आणि चित्रे लागतात. 'आहे' मात्र कालचे करता येत नाही आणि उद्यासाठी राखून ठेवता येत नाही. म्हणून आत्मभान आणि वर्तमानात राहणे या दोन वेगळ्या साधना नाहीत. एक साधली की दुसरी आपोआप साधते.

वर्तमानाशी बांधलेली अशी आणखी एक गोष्ट प्रत्येकाजवळ आहे, ती म्हणजे श्वास. श्री समर्थ रामदास स्वामींनी दासबोधाच्या सतराव्या दशकातील पाचव्या समासात अजपाचे निरूपण केले आहे. ओठ न हलविता श्वासोच्छ्वासाबरोबर चालणारा 'सोऽहम्' चा जप म्हणजे अजपा. अहोरात्रात असे २१,६०० श्वास होतात, असे परंपरा मानते. हिशेब केल्यास ही संख्या मिनिटास पंधरा श्वास इतकी येते. विश्रांत अवस्थेत प्रौढ माणसाचे श्वास मिनिटास साधारण बारा ते वीस असतात, असे आजचे वैद्यकशास्त्रही सांगते. प्रार्थना करावयाचे आपण विसरलो तरी हा जप थांबत नाही. आपण त्याच्याकडे लक्ष देतो की नाही, एवढाच प्रश्न असतो.

५. मग नाम, स्तोत्र आणि भजन यांचे काय?

हे सर्व वाचून, "तर मग आरती, हरिपाठ, नामजप यांची गरजच नाही" असा निष्कर्ष कोणी काढू नये. तो चुकीचा ठरेल. अमृतानुभव सांगणाऱ्या ज्ञानेश्वर महाराजांचाच हरिपाठ वारकरी नित्य म्हणतात. त्यांनीच ज्ञानेश्वरीच्या शेवटी पसायदान मागितले. मागणे शब्दांत आहे, पण मागणाऱ्याने स्वतःच्या प्रपंचासाठी काहीच मागितलेले नाही. जे मागितले ते अवघ्या विश्वासाठी. शब्दाची प्रार्थना मोठी होत गेली की ती मागणाऱ्याला हळूहळू मोकळे करते, हे पसायदानावरून दिसून येते.

निसर्गदत्त महाराजांच्या घरीही दिवसातून चार वेळा भजन होत असे. स्वरूपाचा उलगडा झाल्यानंतर आता भजन कशाला, असे त्यांनी म्हटले नाही. झांजा वाजत होत्या, संप्रदायाची पदे म्हटली जात होती, गुरूंच्या तसबिरीची पूजा होत होती. समर्थांनीही दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्ती सांगताना आरंभ श्रवण व कीर्तनाने केला आणि शेवट आत्मनिवेदनाने केला. श्रवण व कीर्तनास शब्द लागतात. आत्मनिवेदनात देण्यासारखे शेवटी 'मी' एवढेच उरते.

म्हणून शब्द आणि मौन यांत वैर मानू नये. नदी ओलांडून पैलतीरी पोचलेला माणूस होडीतून उतरतो. त्याचा होडीवर राग नसतो, आणि दुसऱ्या दिवशी परत जावयाचे असल्यास तो पुन्हा तीतच बसतो. आधी देवाला सांगावयाचे ते मोकळेपणाने सांगावे. सांगून झाल्यावर लगेच पाठ फिरवू नये. घरी आलेल्या पाहुण्याने आपले गाऱ्हाणे सांगून यजमान काही बोलण्यापूर्वीच उठून जावे, तसे ते होईल.

ओठ मिटणे म्हणजे निःशब्दता, असाही गैरसमज असतो. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जवळ वास्तव्य असलेले मेहेरबाबा यांनी १० जुलै १९२५ पासून ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत मौन पाळले. त्या काळात प्रथम अक्षरफळ्यावर बोट ठेवून आणि पुढे खुणांनी त्यांचा लोकांशी संवाद चालूच होता. तोंडाचे मौन हे बाह्य साधन आहे. त्याच्या उलट, तोंडाने गिऱ्हाइकाशी बोलत असतानाही आतील भान स्थिर राहू शकते, हे खेतवाडीतील दुकानाने दाखविले.

६. प्रत्यक्ष पाठ

शिरवणे गाव आज चोहोबाजूंनी गजबजलेले आहे. एका अंगास शीव-पनवेल महामार्ग, जवळच जुईनगरचे रेल्वे स्थानक, दुसऱ्या अंगास ठाणे-बेलापूर पट्ट्यातील औद्योगिक वसाहत. १९७० मध्ये सिडकोची स्थापना होऊन नवी मुंबई उभी राहू लागली, त्यापूर्वीची शेताखाडीची शांतता आता शोधून सापडणार नाही. "एवढ्या गोंगाटात मन कसे लागणार?" असा प्रश्न भाविकांना पडतो. परंतु या पाठासाठी बाहेरची शांतता ही अट नाही. पुढील क्रम नवीन भाविकांस उपयोगी पडेल.

पहिली पायरी. दर्शन, प्रदक्षिणा व प्रसाद झाल्यावर इतरांची वाट अडणार नाही अशा जागी बसावे. मोबाईल बंद करून पिशवीत ठेवावा. मांडी घालता येत नसल्यास खुर्चीवर किंवा पायरीवर बसावे. पाठ शक्यतो ताठ असावी, पण ताणलेली नसावी.

दुसरी पायरी. मनात जे मागणे किंवा गाऱ्हाणे असेल ते एकदाच, साध्या शब्दांत, देवाला सांगावे. शब्द सुचत नसल्यास "सुचत नाही" एवढेच सांगावे. तेही पुरेसे आहे.

तिसरी पायरी. आता श्वासाकडे लक्ष द्यावे. तो मुद्दाम दीर्घ करू नये, रोखू नये. आत येतो, बाहेर जातो, एवढे जाणावे. महामार्गावरील वाहनाचा आवाज आला तर "आवाज ऐकू येत आहे" हे जाणावे आणि त्याच्याशी भांडू नये.

चौथी पायरी. हे सर्व ज्याला कळत आहे त्याच्याकडे लक्ष वळवावे. आवाज बदलला, श्वास बदलला, विचार आला आणि गेला, पण कळणे चालूच आहे. "मी आहे" असे शब्दाने म्हणण्याचीही गरज नाही. प्रारंभी एकदोनदा म्हटल्यास हरकत नाही. मग शब्द गळू द्यावा आणि असण्यापाशी राहावे.

पाचवी पायरी. मन निघून गेल्याचे लक्षात आले की स्वतःस दोष न देता परत यावे. निघून गेल्याचे ज्या क्षणी कळले, त्या क्षणी आपण परत आलेलोच असतो. उठताना नमस्कार करावा आणि घाई न करता बाहेर पडावे.

एवढ्यासाठी आरंभी दोन मिनिटे पुरतात. सवय झाल्यावर दहा मिनिटे बसावे. घरी देवघरासमोर, लोकलच्या प्रवासात किंवा कारखान्यातील पाळी सुरू होण्यापूर्वीही हा पाठ करता येतो.

७. काही अडचणी

झोप येते, ही सर्वसामान्य तक्रार आहे. झोप आणि निःशब्दता यांत फरक हा की, झोपेत भान नसते आणि येथे भान अधिक स्वच्छ असते. झोप येऊ लागल्यास डोळे उघडून मूर्तीकडे पाहावे.

काहींना शांत बसल्याबरोबर रडू येते. दिवसभर कामाखाली दाबलेले दुःख वर येते. त्यात लाज बाळगण्यासारखे काही नाही. सभामंडपात डोळे पुसणाऱ्याकडे इतरांनी वळून पाहू नये, हीही एक सेवाच आहे. मात्र दुःख किंवा उदासीनता आठवडेच्या आठवडे हटत नसेल, झोप व भूक नाहीशी झाली असेल, तर जवळच्या माणसाशी बोलावे आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. प्रार्थना ही औषधोपचारास पर्याय नाही. स्वतः निसर्गदत्त महाराजांचा देहही व्याधीने ग्रासला होता, आणि त्यावरून त्यांच्या अनुभवास कोणी उणेपणा देत नाही.

"काहीच अनुभव आला नाही" असेही पुष्कळांना वाटते. प्रकाश दिसावा, नाद ऐकू यावा, अशी अपेक्षा ठेवून बसल्यास मन पुन्हा मागण्याकडेच वळते. प्रकाश दिसला तरी तो जाणणारा आधी होता, आणि दिसला नाही तरी तो आहेच. त्याच्यापाशी बसणे हाच अनुभव होय.

८. या प्रार्थनेची कसोटी

शेवटी अमृतानुभवातील एका दृष्टांताचे स्मरण करणे उचित होईल. नवव्या प्रकरणात ज्ञानेश्वर महाराज सांगतात की, एकच डोंगर कोरून त्यात देव, देऊळ आणि देवाचा भक्तपरिवार हे सर्व घडविता येते. मग भक्ती तशी का असू नये? आपल्या भागातील भाविकांस हा दृष्टांत डोळ्यांनी पाहता येण्याजोगा आहे. मुंबई बंदराच्या पाण्यातील घारापुरी बेटावर लेणी खोदलेली आहेत. तेथे खांब, भिंती, द्वारपाल आणि मध्यभागीची सदाशिवाची भव्य मूर्ती हे सर्व एकाच खडकातून कोरलेले आहे. मूर्ती बाहेरून आणून बसविलेली नाही आणि देऊळ तिच्याभोवती नंतर बांधलेले नाही. पूजणारा, पूजा आणि पूज्य यांचे मूळ द्रव्य एक, हे त्या खडकाकडे पाहिले की सहज ध्यानात येते.

ज्याला हे थोडेसेही उमगले, त्याच्या वागण्यात ते दिसावयास हवे. दर्शनाच्या रांगेत पुढच्या वृद्धेस ढकलणारा, घरी जाऊन सुनेवर ओरडणारा किंवा कामगाराचे पैसे अडविणारा माणूस रोज तासभर निःशब्द बसत असला, तरी त्याचे बसणे अजून प्रार्थनेत आलेले नाही. स्वतःचे असणे ज्याला निवांतपणे जाणवले, त्याला दुसऱ्याचे असणेही जाणवू लागते. समोरचा बोलत असताना त्याचे बोलणे पूर्ण ऐकून घेणे, हीसुद्धा या साधनेचीच खूण आहे.

आणि ज्याच्याजवळ आज शब्द उरलेले नाहीत, त्याने रिकाम्या हाताने आलो, असे मानू नये. मागण्यासारखे काही सुचले नाही, सांगण्यासारखे काही उरले नाही, तरी तो स्वतः देवापुढे आलेला असतो. त्याने मंदिरातून तसेच निघून जाऊ नये. क्षणभर टेकावे.

॥ शुभं भवतु ॥